कागदावरची ऊब

इंग्लंड-वेल्समध्ये घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढले की जाहिरातीत किमतीशेजारी एक अक्षर छापावे लागते, ए ते जी यांपैकी एक. ते येते एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेटमधून. बोलताना सगळे त्याला ईपीसीच म्हणतात. घर तापवायला, पाणी गरम करायला आणि दिवे लावायला किती खर्च येईल याचा अंदाज गुणांत मांडायचा आणि गुणांवरून श्रेणी द्यायची, अशी ही पद्धत. ६९ गुणांपासून सी, ५५ पासून डी, ३९ पासून ई. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातून ती आली. २००७ मध्ये विक्रीला लागू होऊ लागली आणि ऑक्टोबर २००८ पासून भाड्यालाही. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडले, पण ईपीसी राहिली. एकदा काढलेला कागद दहा वर्षे चालतो.

मूळ हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. घर बघताना रंग दिसतो, स्वयंपाकघर दिसते, पण जानेवारीत गॅसचे बिल किती येईल ते दिसत नाही. ते आधी कळले तर ग्राहक शहाणपणाने निवड करील आणि मालकालाही घर सुधारावेसे वाटेल, एवढाच साधा हिशेब होता. गेल्या सतरा-अठरा वर्षांत मात्र या कागदाचे काम बदलत गेले. घराची माहिती देण्यासाठी काढलेला कागद आता ते घर भाड्याने देता येईल की नाही हे ठरवू लागला. आपल्याकडेही घरांच्या वीजवापराला कायद्याच्या कक्षेत आणण्याची सुरुवात झाली आहे. तेव्हा तिकडे काय बिघडले ते आत्ताच नीट बघून ठेवलेले बरे.

प्रमाणपत्र तयार कसे होते ते आधी पाहू. घर तपासणारा असेसर येतो, खोल्या मोजतो, बॉयलरवरची मॉडेलची पाटी टिपून घेतो, पोटमाळ्याचे झाकण उघडून तिथल्या उष्णतारोधक थराला पट्टी लावतो, खिडक्यांना दुहेरी काच आहे का बघतो, एलईडी दिवे मोजतो, फोटो काढतो. घर लहान असेल तर तासाभरात काम आटोपते. खर्च शंभर पौंडांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आणि तो करतो घरमालक. थर्मामीटर लागत नाही, मीटरचे रीडिंग लागत नाही, मागच्या वर्षीची बिले लागत नाहीत. भिंतीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि भिंत फोडून तर बघता येत नाही. मग घर कोणत्या काळातले आहे यावरून भिंतीतून किती उष्णता निसटते याचा आकडा कोष्टकातून उचलायचा. पोटमाळ्याचे झाकण स्क्रूने पक्के बसवलेले निघाले की तिथेही कोष्टकच.

हे कोष्टक कितपत भरवशाचे? व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नऊ इंची विटांच्या भिंतीसाठी त्यात वर्षानुवर्षे २.१ हा आकडा होता. बाहेरच्या आणि आतल्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर भिंतीच्या दर चौरस मीटरमधून इतके वॉट निसटतात, असा त्याचा अर्थ. नंतर खऱ्याखुऱ्या भिंतींवर उपकरणे लावून मोजले तेव्हा त्या कोष्टकात लिहिल्यापेक्षा बऱ्याच चांगल्या निघाल्या. २०१७ च्या अखेरीस आकडा १.७ वर आणला गेला. ज्यांची प्रमाणपत्रे त्याआधी निघाली होती त्यांच्या भिंती मुदत संपेपर्यंत कागदावर जुन्याच राहिल्या. एकाच गल्लीत, एकाच भट्टीच्या विटांनी बांधलेल्या शेजारशेजारच्या दोन घरांना दोन वेगळ्या श्रेणी मिळू शकतात त्या अशा. यात असेसरच्या चुका धरलेल्याच नाहीत. लीड्स बेकेट विद्यापीठातील हार्डी आणि ग्लू यांनी २०१९ मध्ये प्रमाणपत्रांची सरकारी नोंदवही तपासली, तेव्हा २७ टक्के प्रमाणपत्रांत काहीतरी चुकल्याची किमान एक खूण सापडली. खरा चुकीचा दर ३६ ते ६२ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

मोजले काय जाते, हा तर याहून अवघड प्रश्न. बहुतेकांना वाटते की हे अक्षर ऊर्जेचे किंवा प्रदूषणाचे आहे. मुळात ते इंधनाच्या खर्चाचे आहे, आणि तोही ठरावीक दराने, ठरावीक पद्धतीने राहणाऱ्या एका काल्पनिक कुटुंबासाठी काढलेल्या खर्चाचे. ब्रिटनमध्ये युनिटमागे गॅस स्वस्त आणि वीज कितीतरी महाग. त्यामुळे गॅसचा बॉयलर काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवला तर धूर जातो, पण गुण फारसे वाढत नाहीत आणि कधीकधी उलट घसरतात. एकीकडे सरकार हीट पंपासाठी अनुदान देते आणि दुसरीकडे सरकारचाच कागद तो बसवणाऱ्याचे गुण कापतो. हा विरोधाभास मान्य करून डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने एका आकड्याऐवजी खर्च, इमारतीचा सांगाडा, तापवण्याची यंत्रणा अशी वेगवेगळी मापे देण्याचा प्रस्ताव चर्चेला ठेवला. कल्पना चांगली आहे, पण यायला सतरा वर्षे लागली.

त्या काल्पनिक कुटुंबाकडे जरा वळू. ते दररोज ठरल्या वेळी घर ठरल्या तापमानाला तापवते. थंड, गळक्या घरात राहणारे खरे कुटुंब तसे करत नाही, कारण त्याला ते परवडत नाही. ते एक खोली तापवते आणि बाकीच्या खोल्यांत स्वेटर घालून वावरते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी २०२३ मध्ये गॅसवर तापणाऱ्या तेराशेहून अधिक घरांचे स्मार्ट मीटरचे आकडे प्रमाणपत्रांशी ताडून पाहिले. सी श्रेणीच्या घरांत प्रत्यक्ष वापर कागदापेक्षा ८ टक्क्यांनी कमी निघाला, तर एफ आणि जी श्रेणीच्या घरांत तब्बल ४८ टक्क्यांनी. जर्मनीतल्या घरांबद्दल सुनिक्का-ब्लँक आणि गॅल्विन यांनी २०१२ मध्येच सरासरी ३० टक्क्यांची तफावत दाखवली होती. म्हणजे घर जितके वाईट, तितका कागद खोटा. दुरुस्तीनंतर अमुक पौंड वाचतील असे प्रमाणपत्रावर छापलेले असते, पण जो खर्च कुटुंब मुळात करतच नव्हते तो वाचणार कसा? त्या घराला दुरुस्तीची गरज नाही असा याचा अर्थ नाही. गरज आहेच, पण पैसे वाचवायला नव्हे, माणसांना ऊब मिळावी म्हणून. त्या उबेला प्रमाणपत्रात रकाना नाही. ओल आणि बुरशीलाही नाही.

असा हा ढोबळ अंदाज. खरेदीदाराला इशारा म्हणून तो पुरेसा होता. मग त्यावर कायद्याचे ओझे टाकले गेले. एप्रिल २०१८ पासून ई पेक्षा खालच्या श्रेणीचे घर नव्याने भाड्याने देता येईना आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरार असलेल्या घरांनाही नियम लागला. मोडल्यास ५,००० पौंडांपर्यंत दंड. अर्थात पळवाटही होतीच. ३,५०० पौंड खर्चून श्रेणी सुधारली नाही तर मालकाने सूट मिळाल्याची नोंद करावी आणि पाच वर्षे निश्चिंत व्हावे. पुढे सी श्रेणी सक्तीची करण्याचा बेत झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी तो गुंडाळला आणि त्यानंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने २०३० ची मुदत धरून तो पुन्हा उलगडला. या हेलकाव्यांत प्रामाणिक घरमालकाचीच फरपट झाली. ज्याने घाईने खर्च केला तो मूर्ख ठरला आणि थांबला तो शहाणा.

सक्तीचा काहीच उपयोग झाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. इंग्लंडमधील सी किंवा त्यावरच्या श्रेणीतील घरांचा वाटा दशकभरात खूप वाढला आणि २०२२ पर्यंत निम्म्याच्या जवळ पोहोचला. नुसती माहिती छापून मालक हलले नसते, हे खरेच आहे. पण श्रेणीच्या उंबरठ्यावर पैसा उभा राहिला की त्या उंबरठ्यापाशी गुणांची गर्दी होते, हेही खरे. ३८ गुणांवर घर भाड्याला जात नाही, ३९ वर जाते. पैसे देणारा मालक, आकडा लिहिणारा त्याने बोलावलेला माणूस, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो भाडेकरू त्या खोलीत हजरही नसतो. कोणी लबाडी केली नाही तरी संशयाचा फायदा कुणाच्या पारड्यात पडेल ते सांगायला नको.

फ्रान्सने तर अक्षराला आणखी धार लावली. तिथले प्रमाणपत्र जुलै २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले, म्हणजे चुकीच्या श्रेणीबद्दल न्यायालयात जाता येते. जी श्रेणीच्या घरांना जानेवारी २०२५ पासून भाडेबंदी झाली. एफ श्रेणीला २०२८ मध्ये आणि ई श्रेणीला २०३४ मध्ये ती लागणार आहे. मग लक्षात आले की विद्यार्थी राहतात तसल्या चिमुकल्या खोल्यांना हे गणित जाचक आहे, कारण गरम पाण्याचा वापर क्षेत्रफळाने भागला की आकडा फुगतो. २०२४ मध्ये चाळीस चौरस मीटरखालच्या घरांसाठी सूत्र सैल केले. जानेवारी २०२६ पासून, हिशेबात वीजवापराला ज्याने गुणतात तो गुणक २.३ वरून १.९ झाला आणि एफ-जी श्रेणीतील साधारण साडेआठ लाख घरे कागदोपत्री वर सरकली. दोन्ही दुरुस्त्यांना आधार होता. फ्रान्सची वीज बरीचशी अणुभट्ट्यांची, तिला कोळशाच्या विजेसारखे वागवणे चूकच होते. पण जे घर भाड्याला नालायक म्हणून मालकाने पडत्या भावात विकले, तेच घर नवीन मालकाच्या हाती एका राजपत्राने लायक झाले. पहिल्या मालकाने दाद कुठे मागायची?

यापुढचा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. गुण वाढवण्याची घाई झाली की काम करणाऱ्यांची टोळधाड येते. ब्रिटनमध्ये ऊर्जा कंपन्यांच्या पैशातून गरिबांच्या घरांना बाहेरून उष्णतारोधक आवरण चढवण्याच्या योजना चालल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. असे आवरण बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के, म्हणजे अंदाजे बावीस-तेवीस हजार घरांत काम सदोष होते आणि दुरुस्त न केल्यास ओल आणि बुरशी धरण्याचा धोका होता. आतून थर दिलेल्या घरांतही २९ टक्के कामे सदोष निघाली. अशा घराचे प्रमाणपत्र नव्याने काढले तर भिंतीपुढे ‘आवरण आहे’ अशी नोंद होते आणि गुण वाढतात. आवरणामागे पाणी झिरपते आहे का, हे विचारणारा प्रश्न त्या नमुन्यात नाही.

आता आपल्याकडे. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॉट जोडभाराच्या वरच्या निवासी संकुलांना इमारत संहिता लावण्याचा मार्ग मोकळा झाला आणि राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते. त्याआधी २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ‘इको निवास संहिता’ आणली होती. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवी, असे ती सांगते. छतासाठी वेगळी मर्यादा. आपला प्रश्न ऊब टिकवण्याचा नाही, ऊन बाहेर ठेवण्याचा आहे, आणि संहितेने ते बरोबर ओळखले आहे. मात्र ही सरासरी पूर्ण इमारतीची असते. पुण्यात किंवा संभाजीनगरात एप्रिलमध्ये दुपारी पश्चिमेच्या बाजूला, शेवटच्या मजल्यावर राहून बघा. तिथे रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. खाली उत्तरेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये नुसत्या पंख्यावर भागते. दोन्ही घरे एकाच मंजूर इमारतीतली. भाडेकरूला उपयोग त्याच्या फ्लॅटच्या आकड्याचा आहे, इमारतीच्या नव्हे.

वापराचे गृहीतकही असेच. एसीवरच्या तारांकनात वर्षाला १६०० तास वापर धरलेला असतो. ज्याच्याकडे दोनच महिने एसी चालतो आणि ज्याच्याकडे आठ महिने चालतो, दोघांना सारखाच आकडा दाखवला जातो. यंत्रांची आपसांत तुलना करायला ते चालते, कारण यंत्र कारखान्यातून एकसारखे येते. घर तसे येत नाही. विदर्भातल्या घरात वाळ्याचा कूलर धरायचा की एसी? गच्चीवर सोसायटीने गळतीसाठी टाकलेली पत्र्याची शेड छताच्या सावलीत मोजायची की बेकायदा बांधकामात? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. प्रमाणपत्राला कायद्याची धार आल्यावर यांच्याच उत्तरांवर घराची किंमत ठरणार आहे.

आणि कागद तपासणारा कोण? पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये पीयूसी कशी मिळते हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक आहे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वर्षानुवर्षे लोक राहतात त्या इमारतींची तर मोजदादच नको. जिथे विनाप्रमाणपत्र राहणे हाच रिवाज आहे तिथे आणखी एक प्रमाणपत्र आणले तर नोंदणी कार्यालयाबाहेरच्या एजंटच्या दरपत्रकात एक ओळ वाढेल.

नव्या इमारतींवर, बिल्डर हाताशी असतानाच, कडक नियम लावायला हरकत नाही. किंबहुना तिथे उशीरच झाला आहे. जुन्या घरांच्या विक्री-भाड्याला मात्र श्रेणीची अट घालण्याआधी असेसरचे पैसे मालकाच्या खिशातून न जाता कुठून यायचे ते ठरले पाहिजे. दर शंभरातली काही घरे दुसऱ्या माणसाने जाऊन पुन्हा मोजली पाहिजेत. छताला पांढरा लेप देण्याचा खर्च सोसायटीने करायचा की वरच्या मजल्याच्या मालकाने, याचेही उत्तर उपविधींत हवे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा भाडेकरू तो खर्च करणार नाही आणि मालक करणार नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. सूत्र बदलले तर जुन्या प्रमाणपत्रांचे काय, हेही आधीच लिहून ठेवायला हवे.

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगण्यासारखे एवढेच. तिथली प्रमाणपत्रांची नोंदवही खुली आहे, पोस्टकोड टाकून कोणालाही बघता येते. अक्षरापाशी न थांबता खालचा तपशील वाचावा. भिंतीपुढे ‘गृहीत’ असे लिहिले असेल तर ती कोणी पाहिलेली नाही असे समजावे, प्रमाणपत्राची तारीख बघावी आणि आधीच्या भाडेकरूचे जानेवारी-फेब्रुवारीचे बिल मागावे. नागपुरात किंवा ठाण्यात घर बघणाऱ्याने एप्रिल-मेचे मागावे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. तो आकडा आधीच्या बिऱ्हाडाच्या सवयींचा असतो, हे ध्यानात ठेवून वाचावा. पण तो मीटरने मोजलेला असतो.