वलीमा कोणाचा?

मुलांनो, वलीम्याची दावत नवऱ्या मुलाने द्यायची असते. इ. स. 628 मध्ये हजरत सफिया (र.) यांच्याशी निकाह झाल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी वलीमा दिला. त्यात खजूर, पनीर आणि तूप होते. रोटी नव्हती, गोश्तही नव्हते.

मग निकाहाच्या दिवशी मुलीच्या वडिलांनी शेकडो वऱ्हाडींना बिर्याणी का खाऊ घालावी? (बिर्याणी मलाही आवडते!) 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा वर्षी हे जेवण कर्ज काढूनच होते. 1961 च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरले. पण या जेवणाला कोणी हुंडा म्हणत नाही. मला तो हुंडाच वाटतो. तुमच्या भावाचे लग्न ठरेल, तेव्हा वऱ्हाडाची यादी किती लांब होते ते पाहा.