चंद्रीचा आवाज

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, गिरीश कर्नाड धारवाडच्या कॉलेजात शिकलेले. सीमाभागातल्या घरांत मराठी आणि कन्नड रंगभूमीची अशी नावे सहज निघतात. स्नेहलता रेड्डी हे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा ‘संस्कार’ हा १९७० चा कन्नड चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना प्राणेशाचार्य झालेले कर्नाड आणि चंद्री झालेल्या स्नेहलता आठवत असतील. ‘मद्रास प्लेअर्स’ ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्यांत त्या होत्या. पती पट्टाभिराम रेड्डी हे ‘संस्कार’चे दिग्दर्शक. दोघेही लोहियांच्या विचारांचे, जॉर्ज फर्नांडिसांचे स्नेही.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. २ मे १९७६ ला बडोदा डायनामाइट प्रकरणात स्नेहलतांना अटक झाली. अखेरच्या आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते, तरीही ‘मिसा’खाली त्यांना बेंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात डांबून ठेवले. मिसाखाली पकडलेल्यावर खटला चालवण्याची गरजच नसे. त्यांना दम्याचा जुना विकार होता, कोठडीत तो बळावत गेला. पण त्या गप्प बसल्या नाहीत. तुरुंगातल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्या बोलल्या, उपोषणाला बसल्या, डायरी लिहीत राहिल्या. नटीसमोर प्रेक्षक तेवढा नव्हता.

ऐकणारा एक माणूस मात्र होता. राजापूरचे खासदार मधू दंडवते त्याच तुरुंगात होते. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. रात्रीच्या शांततेत स्नेहलतांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे दंडवत्यांनी लिहून ठेवले आहे. कन्नड पडद्यावरच्या चंद्रीची साक्ष अशी एका मराठी माणसाने दिली.

प्रकृती पार ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ ला त्यांना पॅरोलवर सोडले. १८ ला निवडणुका जाहीर झाल्या. २० ला त्या गेल्या. चेक नाटककार वाक्लाव हावेल यांनाही त्यांच्या सरकारने तुरुंगात टाकले होते. १९८९ साली ते त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. स्नेहलतांच्या वाट्याला तो पुढचा अंक आला नाही.

गॅदरिंग जवळ आले की मुले विचारतात, “सर, एकांकिकेला राजकीय विषय चालेल का?” चालेल की! त्यासाठी पुढाऱ्याची नक्कल करावी लागत नाही. एक कोठडी, एक दिवा, आत धाप लागलेली बाई आणि भिंतीपलीकडे जागा असलेला कैदी, एवढे पुरे. बाईला कन्नडात बोलू द्या, कैद्याला मराठीत. आपल्या प्रेक्षकांना दुभाष्या लागणार नाही.