नकाशा कुलूपबंद नसावा

वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आपली इमारत पाठ असते. जिन्याच्या पायऱ्या किती, पावसाळ्यात कोणत्या खोलीच्या भिंतीला ओल येते, हे सांगण्यास त्याला नकाशा लागत नाही. परंतु त्याच भिंतीतून विजेची तार कोठून गेली आहे, कोणती भिंत पाडली तरी चालेल आणि कोणत्या खांबाला हात लावू नये, हे विचारले तर तो निरुत्तर होतो. ज्या कागदांवर हे लिहिलेले असते, ते बहुतेक संस्थांत कपाटात पडून असतात आणि पुष्कळदा वाळवीच्या स्वाधीन झालेले असतात.

माझे वडील गवंडी होते. त्यांनी आयुष्यभर इमारती उभ्या केल्या. पण नकाशा साहेबांच्या काखोटीला असे आणि वडिलांच्या वाट्याला तोंडी हुकूम येत असे. पुढे मी अभियंता झालो, तेव्हा एका कामावर याचाच दुसरा पदर पाहिला. सांडपाण्याच्या वाहिनीची जागा कार्यालयात बदलली गेली. सुधारित नकाशा मात्र प्लंबरच्या हाती पोहोचलाच नाही. जुन्या नकाशाबरहुकूम त्याने तुळईला भोक पाडले. दोष त्याच्यावर आला. वास्तविक दोष होता तो कालच्या कागदावर आजचे काम करावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा.

आज या दुखण्यावर उपाय उपलब्ध आहे. संगणकावर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात. तिच्यात केवळ रेषा नसतात. प्रत्येक तुळई, दरवाजा व नळ यांचे माप, साहित्य आणि स्थान यांची नोंद असते. पूर्वी अशी प्रतिकृती पाहावयाची तर महागडी संगणकप्रणाली आणि शक्तिमान संगणक हवा असे. क्लाउड संगणनाने ती अट सैल केली. मूळ फाइल दूरच्या सर्व्हरवर राहते, तेथेच ती पाहण्यायोग्य रूपात आणली जाते आणि साध्या ब्राउझरमध्ये, अगदी मोबाइलवरही, फिरवून पाहता येते. वास्तुरचनाकार, अभियंता आणि मुकादम एकच अद्ययावत प्रत पाहतात. कोणी काय बदलले याची नोंद राहते. वाहिनी तुळईला छेदत असेल तर ते भोक पाडण्यापूर्वीच दिसते. आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या उभारणीत अशा प्रतिकृतीला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड देण्यात आली होती.

तथापि ही केवळ मोठ्या प्रकल्पांची चैन आहे, हा समज मला मान्य नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. आग पसरण्यास बाहेरचे ज्वलनशील आच्छादन कारणीभूत ठरले. पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. इमारतीच्या अंतर्गत रचनेचे नकाशे त्या रात्री अग्निशमन दलाला वेळेवर उपलब्ध नव्हते. त्यानंतर डेम जुडिथ हॅकिट यांनी २०१८च्या अहवालात इमारतीच्या माहितीचा अखंड ‘सोनेरी धागा’ डिजिटल स्वरूपात जपण्याची शिफारस केली. शेकडो मुले एका छताखाली झोपतात अशा निवासी शाळेला हा धागा अनावश्यक आहे, असे कोण म्हणेल?

आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. वसतिगृहाची, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाची, अंतर्गत रचना कोणालाही दिसू नये. म्हणून कोणी काय पाहावे याचे अधिकार ठरवून द्यावे लागतील. क्लाउडवर तशी सोय असते. इंटरनेट ऐनवेळी दगा देते. म्हणून मजल्यांचे छापील नकाशे प्रवेशद्वाराजवळ सुरक्षित पेटीत असावेतच. सर्वांत गंभीर आक्षेप मालकीचा आहे. प्रतिकृती ठेकेदाराच्या खात्यात राहिली आणि त्याने वर्गणी भरणे थांबवले, तर आपले कपाट पुन्हा दुसऱ्याच्या कुलपात जाईल.

यास्तव माझे म्हणणे स्पष्ट आहे. लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या करारात तीन अटी असाव्यात. प्रतिकृती संस्थेच्या स्वतःच्या खात्यात राहावी. ती आयएफसी या खुल्या स्वरूपातही मिळावी, म्हणजे ती एकाच कंपनीच्या प्रणालीत अडकून पडणार नाही. आणि काम संपताना प्रत्यक्ष जसे बांधले गेले तशी ती दुरुस्त करून द्यावी; कारण जुळत नसलेला नकाशा नसलेल्या नकाशाहून अधिक घातक असतो. छोट्या संस्थेला हा खर्च जड वाटेल, हे मी जाणतो. परंतु आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते व वास्तुरचनाकार आहेत. वर्षातून एक दिवस त्यांनी यासाठी द्यावा, ही मागणी मोठी नाही.

आईवडील मूल आपल्या स्वाधीन करतात, तेव्हा ते भिंतींवरही विश्वास टाकतात. त्या भिंतींच्या आत काय आहे, हे सांगता येणे हे आपले कर्तव्य आहे. आणि ज्या गवंड्याच्या हातून भिंत उभी राहते, त्यालाही तिचे चित्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. माझ्या वडिलांना ते कधी पाहता आले नाही.