गिअर काढलेली सायकल

‘रोज थोडा तरी व्यायाम करा’ असे रुग्णांना सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. मी स्वतः मात्र घरून दवाखान्यात स्कूटरवरून जात होतो. दोन वर्षांपूर्वी माझीच रक्तातली साखर काठावर आली आणि माळ्यावर पडलेली मुलाची गिअरची सायकल मला आठवली.

मागे सात आणि पुढे तीन दातेरी चकत्या, म्हणजे कागदावर एकवीस गिअर. त्यातले चार-पाच कसेबसे पडत. चौथ्याच दिवशी विश्रामबागेच्या चौकात चेन उतरली, मी पडलो आणि गुडघा खरचटला. सायकल पुन्हा माळ्यावर जायच्या बेतात होती. गावभागातले आमचे जुने सायकलवाले चाचा म्हणाले, “डॉक्टरसाब, हे गिअर काढून टाका की. तुम्हाला कुठं घाट चढायचाय?”

मला ते पटले. सांगली-मिरजेचा रस्ता सपाट. प्रकृतीसाठी सायकल चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला एकवीस गिअर काय करायचे? त्याला रोज सकाळी कुरकुर न करता निघणारी सायकल हवी. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटे भरतात रोज निघणाऱ्या सायकलवर.

चाचांनी गिअरची कळ, तारा आणि मागचा चेन सरकवणारा भाग काढला. सात चकत्यांचे फ्रीव्हील उतरवून साध्या सायकलचे एकच बसवले. चेन रुंद घेतली, कारण गिअरची अरुंद चेन जाड दात्यांवर बसत नाही. मागून पाहिले असता चेन सरळ रेषेत दिसली पाहिजे, नाहीतर ती पुन्हा उतरते. माझ्या सायकलीत मागच्या चाकाची खाच तिरपी असल्याने चाक मागे ओढून चेन ताणता आली. खाच उभी असेल तर चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा हात लावावा लागतो. दोन्ही ब्रेक मात्र जागेवरच ठेवा.

खरा वाद झाला तो दात्यांवरून. चाचांना पुढे ४८ आणि मागे १६ दाते हवे होते. “गाडी पळंल,” म्हणाले. इथे मी डॉक्टर झालो. तसे केले तर पायडलच्या एका फेरीत सायकल सहा मीटरांहून जास्त जाते, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर तेवढाच जोर येतो. मी पुढची मधली, ३८ दात्यांची चकती ठेवली आणि मागे १८ दाते घेतले. आता एका फेरीत सव्वाचार मीटर, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पंधरा किलोमीटर. पाय जास्त फिरतात, पण हलके फिरतात. भरलेली घागर एकदम उचलण्यापेक्षा दोन कळशा दोन खेपांत नेल्या तर कंबर वाचते, तसेच हे.

माझे पाहून एका निवृत्त शिक्षकांनी सायकल बदलून घेतली, पण वेगाच्या मोहाने मोठी चकती ठेवली. तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागले म्हणून दवाखान्यात आले. गोळ्यांच्या चिठ्ठीवरच मी “मागे २० दाते” असे लिहून दिले. सीटही तळाला होती. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली तर गुडघा पुढून दुखतो आणि फार वर असली तर मागून.

एकच गिअर असला की माणूस कणखर होतो, असे सांगणारी तरुण मंडळी भेटतात. त्यांचे गुडघे पंचविशीतले आहेत. ज्यांचा रोजचा रस्ता चढाचा आहे, ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत, त्यांनी गिअर काढू नयेत, दुरुस्त करून घ्यावेत. चालताना छातीत दाटत असेल तर सायकलीचा विचार तपासणीनंतर. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

आणि घाईने काही काढू नका. आधी गिअर मधल्या चकतीवर ठेवून आठ दिवस कळीला हात न लावता चालवून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. जमले तर दुकानात जा.

मी आता रोज सकाळी हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन येतो. रेल्वेपुलाकडे गेलोच, तर चढावर सरळ उतरून सायकल हातात धरतो. पहिल्यांदा लाज वाटली होती. मागून एक रुग्ण येत होते, तेही उतरले आणि आम्ही बोलत बोलत पूल चढलो.