इतिहासाला बोली लागते तेव्हा…

अमेरिकेत 2007 साली डायनासोरची एक कवटी लिलावास निघाली. ती मिळवण्यासाठी निकोलस केज आणि लिओनार्दो दि कॅप्रिओ या दोन नामवंत नटांत चढाओढ लागली. 2 लाख 76 हजार डॉलर मोजून केज यांनी बाजी मारली. पुढे ती कवटी मंगोलियातून चोरट्या मार्गाने आल्याचे उघड झाले आणि 2015 मध्ये केज यांनी ती परत करण्याचे मान्य केले. वाचून हसू येते. पण हाच खेळ आपल्या पूर्वजांच्या वस्तूंशी मांडला जातो, तेव्हा हसू मावळते.

मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्क येथे महात्मा गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ, थाळी आणि वाटी लिलावात निघाली. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या पुरुषाच्या वाटीला बोली लागली आणि 18 लाख डॉलर देऊन त्या वस्तू घेतल्या मद्यसम्राट विजय मल्ल्या यांनी! त्याआधी 2003 साली त्यांनीच लंडनच्या लिलावातून टिपूची तलवार घेतली होती. टिपूविषयी आमचे मत काय आहे, हे वाचक जाणतातच. तो प्रश्न येथे नाही. प्रश्न असा, की त्या तलवारीचे पुढे काय झाले? ती अपशकुनी ठरल्याने मल्ल्यांनी 2016 मध्ये देऊन टाकली, असे बँकांच्या वतीने 2018 साली लंडनच्या न्यायालयात सांगण्यात आले. धनिकाच्या लहरीवर आलेला ठेवा धनिकाच्या लहरीनेच जातो, तो असा.

याउलट एप्रिल 2025 मध्ये नागपूरकर रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनमध्ये लिलावास निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने 47 लाख 15 हजार रुपयांत ती मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, तेव्हा प्रत्येक मराठी मनाला आनंद झाला. तरीही एक शल्य उरतेच. जे आपलेच होते, त्याची किंमत आपण का मोजावी?

उत्तर कटू आहे. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा 1970 चा करार पूर्वलक्षी नाही. वसाहतकाळात बाहेर गेलेल्या वस्तूंना त्याचे संरक्षण नाही. मे 2025 मध्ये पिप्रहवा येथील बुद्धावशेषांसोबतच्या रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीमुळे स्थगित झाला खरा. पण ती रत्ने जुलैमध्ये मायदेशी आली, ती गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतली म्हणून. त्या समूहाचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु प्रत्येक वेळी कोणी उदार उद्योगपती धावून येईल, या भरवशावर राष्ट्राने राहावे काय? त्यासाठी स्थायी राष्ट्रीय निधी हवा आणि कोणती वस्तू घ्यावी, हे ठरवणारे जाणकार अभ्यासक हवेत. एकदा परत आलेली वस्तू पुन्हा कधीही बाजारात जाणार नाही, असे बंधनही हवे.

संग्रह करणे मुळीच वाईट नाही. पुण्याचे दिनकर केळकर हे काही धनकुबेर नव्हते. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावे संग्रहालय उभारले आणि 1975 साली सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. मालक आणि विश्वस्त यांतला भेद तो हाच.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. परदेशी लिलावगृहांना दोष देणारे आपण, वाडा पाडताना कोरीव खांब कोणाला विकतो? आजोबांच्या मोडी कागदांचे रुमाल कोणाच्या रद्दीत जातात? 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ‘पुरावस्तू’ ठरते, हे किती सुशिक्षित घरांना ठाऊक असते? न्यूयॉर्क-लंडनच्या बाजाराची पहिली पायरी अनेकदा आपल्याच उंबरठ्यावर असते.

खंडेनवमीला आपण शस्त्रपूजन करतो. यंदा पूजेनंतर घरातील आणि गावच्या मंदिरातील जुन्या वस्तूंची छायाचित्रांसह एक यादी करावी. चोरीला गेलेली मूर्ती आपलीच आहे, हे सिद्ध करताना बहुधा असे एखादे जुने छायाचित्रच उपयोगी पडते. हे काम करायला ना कोट्यधीश व्हावे लागते, ना मंत्री. स्वतःला विश्वस्त मानले, की पुरे!