दुपारचं युनिट रात्री चालेल का? घरच्या सोलरसाठी मीटर आणि टीओडी बिलाचं गणित

दुपारचा एक वाजलाय. छतावरचे सोलर पॅनेल पूर्ण ताकदीने वीज तयार करतायत, पण घरात फ्रिज सोडला तर काहीच चालू नाही. सगळे ऑफिसात, शाळेत, कॉलेजात. रात्री आठला घर भरतं. एसी, टीव्ही, इंडक्शन, चार्जर सगळं एकदम सुरू होतं, आणि तेव्हा ऊन नसतं.

हा तिढा आतापर्यंत नेट मीटरिंगने सोडवला होता. दुपारी उरलेलं एक युनिट ग्रीडला द्यायचं, रात्री एक युनिट परत घ्यायचं, हिशेब फिट्टंफाट. ग्रीड म्हणजे जणू फुकटची बॅटरी.

मात्र आता वीज किती वापरली याबरोबर ती किती वाजता वापरली हेही बिलात मोजलं जाऊ लागलंय. याला 'टाइम ऑफ डे' म्हणजेच टीओडी म्हणतात. त्यामुळे सोलर बसवलेल्या आणि बसवू पाहणाऱ्या प्रत्येक घरासमोर एक प्रश्न उभा राहतो. दुपारी दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटाइतकंच मोलाचं धरलं जाणार का?

प्रश्न साधा वाटतो, पण अनेकांचे हप्ते त्यावर बेतलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. उरलेली रक्कम घरची किंवा कर्जाची. वीजबिल जवळपास शून्य होईल हे धरूनच लोक तो खर्च करतात.

आधी मीटर ओळखा

'स्मार्ट', 'नेट', 'टीओडी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण ही वेगवेगळी कामं आहेत.

साधा मीटर: फक्त घरात आलेली वीज मोजतो. सोलरसाठी तो चालत नाही. असे अनेक इलेक्ट्रॉनिक मीटर उलट दिशेने बाहेर जाणारी वीजही 'वापर' म्हणूनच मोजतात. म्हणून पॅनेल बसले तरी नेट मीटर लागेपर्यंत ते ग्रीडला जोडून चालू करू नयेत. नाहीतर वीज दिल्याचंच बिल येऊ शकतं.

नेट मीटर: दोन्ही दिशा वेगळ्या मोजतो. घरात आलेली वीज म्हणजे इम्पोर्ट, बाहेर गेलेली म्हणजे एक्स्पोर्ट.

जनरेशन मीटर: पॅनेलने एकूण किती वीज तयार केली ते सांगतो. पॅनेलची वीज घरात थेट वापरली गेली तर ती नेट मीटरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून हा आकडा वेगळा लागतो.

टीओडी किंवा स्मार्ट मीटर: दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद ठेवतो, त्यामुळे कोणत्या वेळेत किती वीज आली-गेली हे कळतं. नेट मीटर हाच टीओडी मीटरही असू शकतो.

मीटर फक्त नोंद करतो. त्या नोंदीवरून पैसे कसे आकारायचे हे वीज नियामक आयोगाचे आदेश ठरवतात. म्हणून 'कोणता मीटर चांगला' यापेक्षा 'वजावट कशी होते' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

टीओडी आत्ताच का आलं?

केंद्राने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल केला. त्यानुसार शेतीपंप वगळता इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत टीओडी लागू करायचं होतं, आणि स्मार्ट मीटर बसला असेल तर लगेच. दिवसातल्या आठ 'सौर तासां'चा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, असंही त्यात आहे.

कारण सोपं आहे. सौरऊर्जा वाढल्यामुळे दुपारी वीज भरपूर आणि स्वस्त असते. सूर्य मावळला की मागणी चढते आणि महागडी वीज घ्यावी लागते.

महाराष्ट्रात हे चित्र किती पालटलं ते उद्योगांच्या जुन्या टीओडीवरून कळतं. आधी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वीज वापरली तर युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैसे जादा लागायचे. आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हीच स्वस्ताईची वेळ झाली आहे. पॅनेल वीज तयार करतात तीही नेमकी याच वेळेत.

महाराष्ट्रात काय घडलं?

महावितरणच्या बहुवर्षीय दरप्रस्तावात घरगुती ग्राहकांनाही टीओडी लागू करण्याचा मुद्दा होता. दुपारची जादा वीज दुपारच्याच वापरातून वजा झाली तर रात्रीचं बिल भरावं लागेल, असा आक्षेप सोलर ग्राहक आणि सोलर बसवणाऱ्या व्यावसायिकांनी २०२५ च्या सुरुवातीच्या जनसुनावण्यांत घेतला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २८ मार्च २०२५ ला दरांचा आदेश दिला. महावितरणने फेरविचार मागितल्यावर त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत, आणि ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत वाढणार, असं तेव्हा जाहीर झालं.

एका घराचं गणित

समजा, एका घरात महिन्याला ३०० युनिट वीज लागते. त्यातली १०० युनिट सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आणि २०० इतर वेळी. छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल आहेत, ते महिन्याला ३६० युनिट तयार करतात. हिशेब सोपा राहावा म्हणून ही सगळी वीज ९ ते ५ मध्येच तयार होते असं धरलंय.

दिवसाच्या १०० पैकी ८० युनिट थेट पॅनेलवरून वापरली गेली. ढग आले किंवा भार अचानक वाढला तेव्हा २० युनिट ग्रीडमधून आली. म्हणजे ग्रीडला गेली २८० आणि ग्रीडमधून आली २२०.

पहिली पद्धत, सरसकट वजावट: २८० मधून २२० गेली, ६० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा. विजेचे पैसे शून्य, फक्त स्थिर आकार.

दुसरी पद्धत, वेळेनुसार काटेकोर वजावट: दिवसाची २० युनिट वजा झाली. रात्रीची २०० युनिट तशीच राहिली. सरासरी ८ रुपये दर धरला तर १,६०० रुपये बिल. दिवसाची २६० युनिट जमा दिसतात, पण रात्रीच्या कामाला येत नाहीत.

तिसरी पद्धत, मधला मार्ग: रूफटॉप सोलरसाठीच्या आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत टीओडी ग्राहकांसाठी एक तरतूद आहे. आधी त्याच वेळेतला वापर वजा करायचा आणि उरलेली वीज 'ऑफ-पीक' म्हणजे कमी मागणीच्या वेळेत दिली असं धरायचं. रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ ऑफ-पीक असेल आणि या घराची २०० पैकी ११० युनिट त्यात लागत असतील, तर ती वजा होतात. उरलेल्या ९० युनिटांचे ७२० रुपये भरावे लागतात. पण दुपारलाच ऑफ-पीक ठरवलं, तर हिशेब पुन्हा दुसऱ्या पद्धतीवर येतो.

घर तेच, पॅनेल तेच, मीटर तोच. बिल मात्र शून्य, ७२० किंवा १,६०० रुपये. फरक फक्त वजावटीच्या नियमाचा.

मग दिवसाच्या सवलतीचं काय?

सोलर नसलेल्या घराला ती खरोखर उपयोगी आहे. दुपारी १०० युनिट वापरली तर ८० रुपये वाचतात. पण सोलरवालं घर दुपारी ग्रीडमधून वीज घेतंच किती? वरच्या उदाहरणात २० युनिट. त्यांवर सवलत मिळालीच तरी ती १६ रुपयांची. सोलर घरासाठी टीओडीचा खरा मुद्दा दिवसाची सवलत नाही, रात्रीची वजावट आहे. सवलतीची जाहिरात वाचून सोलर ग्राहकाने लगेच खूश होऊ नये आणि 'टीओडी' शब्द ऐकून लगेच घाबरूही नये.

बिलात काय बघायचं?

इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट हे दोन आकडे आधी शोधा. ते वेळेनुसार वेगवेगळ्या ओळींत दिले असतील, तर प्रत्येक वेळेसमोर किती युनिट वजा झाली ते बघा. मग मागच्या महिन्याची जमा युनिट आणि शेवटी आकारणी झालेली युनिट. एकूण एक्स्पोर्ट आणि जमा युनिट मिळून इम्पोर्टपेक्षा जास्त असूनही विजेचे पैसे लागले असतील, तर वजावट वेळेनुसार झाली आहे किंवा बिलात चूक आहे. दोन्हीची विचारणा लेखी करा.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. तेव्हा जमा राहिलेली युनिट पुढे जात नाहीत, ती वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते. हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

मीटरच्या आकड्यावर शंका असेल तर २०२४ च्या केंद्रीय नियमबदलाचा आधार आहे. तक्रार केल्यावर वीज कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळात मंजूर भारापेक्षा जास्त वापर झाला असेल, तर नव्या मीटरच्या नोंदीवरून त्याचा दंड लावता येत नाही.

वापर आणि खर्च कसा ठरवायचा?

सरसकट वजावट असेल तर वॉशिंग मशीन दुपारी लावा की रात्री, बिलात फरक पडत नाही. काटेकोर वजावट असेल तर मोठा फरक पडतो. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, ई-स्कूटरचं चार्जिंग अशी ६० युनिटांची कामं दुपारी नेली, तर वरच्या घराचं बिल १,६०० वरून १,१२० रुपयांवर येतं. टायमर लावला तर त्यासाठी घरी थांबायचीही गरज नाही.

बॅटरीचंही असंच आहे. दुपारची ५ युनिट साठवून रोज रात्री वापरली, तर ८ रुपये दराने वर्षाला सुमारे १४,६०० रुपये वाचतात. पण फक्त काटेकोर वजावट असेल तरच. सरसकट वजावटीत तीच बॅटरी बिलात काही वाचवत नाही, वीज गेल्यावर दिवे लावण्यापुरती उपयोगी.

नव्याने सोलर बसवताना 'बिल शून्य' हे वाक्य ऐकलं, तर ते कोणती वजावट धरून म्हटलंय ते विचारा. घरी दुपारी कोणीच नसेल तर मोठे पॅनेल घेण्याआधी महिनाभर सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ ला मीटरचा आकडा लिहून ठेवा. दिवसाचा आणि रात्रीचा वापर वेगळा कळेल. टीओडीच्या काळात छतावर किती जागा आहे यापेक्षा घर किती वाजता वीज वापरतं, यावर सोलरचा फायदा जास्त अवलंबून आहे.