मिलवॉकीचे पोलिश चर्च : वारसा नेमका कशाचा?

अमेरिकेतील पोलिश पॅरिशचा विषय निघाला की नाताळच्या पूर्वसंध्येचे 'विगीलिया' भोजन आणि कागदाइतकी पातळ, बेखमीर 'ओपवातेक' भाकर एकमेकांना मोडून देण्याची रीत यांचे कौतुक होते. 'संस्कृती जपली' असे म्हटले की विषय संपतो. मिलवॉकीच्या सेंट जोसाफात बॅसिलिकेबाबत एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे.

१७९५ ते १९१८ या काळात पोलंड नकाशावर नव्हता. प्रशिया, रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. मिलवॉकीतले बहुतेक पोल प्रशियाच्या वाट्यातले. बिस्मार्कच्या राजवटीत शाळांतून हद्दपार होणारी आपली भाषा त्यांनी पाहिलेली. ज्यांना राज्य नव्हते त्यांच्यासाठी पॅरिश हेच राज्य झाले.

आणि हे लोक होते मजूर. ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या कामासाठी संप करणारे कामगार सेंट स्टॅनिस्लॉस चर्चपाशी जमून बे व्ह्यूच्या लोखंड कारखान्याकडे निघाले. त्यांत पोल मोठ्या संख्येने होते. राज्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या; किमान ७ जण ठार झाले.

त्यानंतर दहाच वर्षांनी याच समाजातले फादर विल्हेल्म ग्रुत्झा यांनी शिकागोत पाडल्या जाणाऱ्या पोस्ट ऑफिस व कस्टम हाउसचे दगड-लोखंड २०,००० डॉलरना विकत घेतले. सुमारे ५०० रेल्वे वाघिणींतून ते मिलवॉकीला आले. वास्तुविशारद एरहार्ड ब्रिलमायर यांना आधीचा विटांचा आराखडा सोडून, हाती आलेल्या दगडांना जुळेल असा नवा आखावा लागला. (दरवाज्यांच्या काही मुठींवर अमेरिकी अर्थखात्याची मुद्रा आजही आहे!) चर्च १९०१ मध्ये पूर्ण झाले. ग्रुत्झा त्याच वर्षी वारले. मागे उरले प्रचंड कर्ज. १९१० मध्ये कारभार फ्रान्सिस्कन संघाकडे गेला, तरी ते फिटायला १९२५ उजाडले. बॅसिलिकेचा मान त्यानंतर, १९२९ मध्ये.

गरिबांच्या घामावर धर्मगुरूंची हौस भागली, असा आक्षेप घेता येईल. तो पोकळ नाही. चर्च आम्ही बांधायचे आणि मालकी बिशपची, हा प्रश्न पोलिश श्रमिकांनीच विचारला होता. १८९७ मध्ये स्क्रँटनला फादर फ्रान्चिशेक होदुर यांच्यामागे लोक रोमपासून वेगळे झाले, त्याचे हे एक मोठे कारण. मिलवॉकीकरांनी मात्र वेगळी वाट न धरता पिढीभर कर्ज फेडले. त्यांना बावळट भाविक ठरवणे सोपे आहे. पण गोळ्या खाल्लेल्या समाजाला शहराच्या आकाशरेषेवर आपला घुमट हवा होता, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत मावत नाही.

आज त्या भागात पोलिशपेक्षा स्पॅनिश अधिक ऐकू येते. यावर 'वारसा संपला' अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी घुमटाखालचे दगड पाहावेत. तेही मुळात दुसऱ्याच इमारतीचे होते.